शेवंतीचा उजवा पाय

आमच्या घोडीचा खूर मी पाच दिवस तपासत होतो आणि त्या पाच दिवसांत मी तो एकदाही बघितला नव्हता.

हे वाक्य विचित्र वाटेल, पण ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना ते लगेच समजेल. मी सोलापुरातल्या एका शाळेत बावीस वर्षं लिपिक आहे. रोज कितीतरी कागदांच्या तळाशी ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही ठोकतो. त्यातले खरोखर किती तपासतो, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते शेवटी एका घोडीनं विचारलं.

घोडी आमच्या वडिलांची. आप्पा तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या लोकांपैकी कुणी पिठाची गिरणी टाकली, कुणी देवळाच्या कमिटीत शिरलं. आप्पांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर बार्शीहून घोडी आणली. आमच्या आजोबांचा सोलापूर स्टेशनवर टांगा होता. आप्पा दहा वर्षांचे असताना टांगा मोडीत गेला, घोडं विकलं गेलं, आणि तेव्हापासून आप्पांच्या मनात एक घोडं बांधलेलंच राहिलं. तीस वर्षं एसटी हाकूनही त्याची दावण सुटली नाही.

शेवंती वरातीची घोडी. बार्शीच्या ज्या माणसाकडे ती होती, त्यानं धंदा बंद केला आणि आप्पांनी तिला टेम्पोत घालून आणली. रंगानं पांढरी, पण जुन्या चुन्याच्या भिंतीसारखी ठिकठिकाणी करडी पडलेली. तिनं आयुष्यात इतके नवरदेव पाठीवर वाहिले होते की पुरुष जातीबद्दल तिचं मत कायमचं बनून गेलं होतं. मंगळवेढा रोडला जिथं शहर संपतं तिथं आमचं घर आहे. घराच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकून तिची सोय केली. तिला चालवणं, फिरवणं, वैरण घालणं हे सगळं आप्पा करायचे. खुरं कापायला महिन्या-दीड महिन्यानं एक जाणता माणूस यायचा. माझा आणि तिचा संबंध एवढाच होता की मी शाळेत जाताना ती माझ्याकडे बघायची आणि मी घड्याळाकडे बघायचो.

आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या रविवारची ही गोष्ट. शेजारच्या गल्लीत हळद होती आणि सकाळपासून लाऊडस्पीकर लागला होता. वरातीच्या घोडीला वाजप ऐकू आलं की तिचा पुढचा पाय आपोआप उचलला जातो, तशी तिला शिकवणच असते. शेवंतीनं उजवा पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. आप्पा काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. त्यांचा ऊर भरून आला.

“बघ, अजून इसरली न्हाय,” ते म्हणाले.

मी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. माझी बायको वंदना तिच्या आईला बरं नव्हतं म्हणून मंगळवेढ्याजवळ माहेरी गेली होती. तिनं ‘किती गुणाची आहे’ असं लिहिलं. पाय वर जातोय हे सगळ्यांनी बघितलं. तो खाली येत नाही, हे कुणीच बघितलं नाही.

सोमवारी सकाळी लाऊडस्पीकर उतरवून झाला होता, मांडवाचे बांबूही गाडीत चढले होते, आणि शेवंतीचा पाय तसाच वर होता. खुराची फक्त पुढची कड जमिनीला टेकवून ती उभी होती. पाण्याच्या टाकीपर्यंत चार पावलं जायची, तर तीन पायांवर लंगडत गेली. त्या सकाळी आप्पांनी चहा तसाच ठेवला.

“खूर उचलून बघ,” ते मला म्हणाले. “खडाबिडा शिरला असंल. मला डॉक्टरनं वाकू नको म्हनून सांगितलंय, न्हायतर मीच बघितलं असतं.”

मी हो म्हणालो. आप्पा डोळ्यांत औषध घालून घ्यायला आत गेले. औषध घातलं की त्यांना दहा मिनिटं डोळे मिटून पडावं लागायचं. मी शेडमध्ये गेलो. हातभर अंतरावर गेल्यावर शेवंतीनं मान वळवली आणि कान मागं घेतले. घोडीचे कान मागं गेले की त्याचा अर्थ काय, हे मला माहीत नव्हतं. माझ्या पायांना माहीत असावं, कारण ते आपोआप मागं आले.

मी पुन्हा पुढं झालो. तिनं शेपटी आपटली. मी पुन्हा मागं. असं तीनदा झाल्यावर मी कडब्याच्या पेंढीला टेकून उभा राहिलो आणि घड्याळात बघून पाच मिनिटं जाऊ दिली, म्हणजे तपासणी व्यवस्थित झाल्यासारखी वाटावी. मग काम संपल्यावर झटकतात तसे हात झटकले आणि घरात आलो.

“बघितलंस?” आप्पांनी डोळे मिटूनच विचारलं.

“बघितलं. स्वच्छ आहे,” मी म्हणालो.

त्यांचे डोळे उघडे असते तर बहुतेक मला ते बोलता आलं नसतं. पण मिटल्या डोळ्यांच्या माणसाशी खोटं बोलायला काही धैर्य लागत नाही. आणि मी भ्यालो असं म्हणायला किती लागतं, ते मला तेव्हा कळलं. पावसात तुडुंब भरलेली एसटी घाटातून उतरवणारा बाप, आणि त्याच्या सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाला एका म्हाताऱ्या घोडीची भीती वाटते, जिला शेजारणी संक्रांतीला हळदीकुंकू लावून जातात. हे तोंडातून निघेना. ‘स्वच्छ आहे’ मात्र सहज निघालं. बावीस वर्षांची सवय.

आमचा खुरं कापणारा माणूस मुलीच्या लग्नासाठी गुलबर्ग्याला गेला होता. म्हणून मी जनावरांच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या गावोगाव लसीकरणाच्या फेरीवर होत्या, शुक्रवारच्या आधी येणं शक्य नव्हतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, खूर उचलून बघितला का. आप्पा शेजारी बसले होते. मी हो म्हणालो. खिळा, काच, खडा? नाही. घाण वास? नाही. मग दुखणं वरचं असेल, असं त्या म्हणाल्या. त्यांनी वेदना कमी व्हायचं एक औषध सांगितलं आणि घोडीला हलवू नका म्हणून बजावलं.

औषधानं थोडा फरक पडला आणि मग पडेनासा झाला. मंगळवारी आप्पांनी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. आमच्या शेजारी नरसय्याकाका राहतात. मोठ्या दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि रोगाशी इंग्रजी. त्यांनीही आधी खुराचीच चौकशी केली. मी म्हणालो, खूर चोख आहे, तळवा अगदी गुळगुळीत. (बघा, सोमवारी तो नुसता स्वच्छ होता, मंगळवारी गुळगुळीत झाला.) खुरात काही नाही म्हटल्यावर काका गुडघ्याकडे वळले. हा संधिवात आहे, आपल्या बायकोला आहे तसाच, असं त्यांनी सांगितलं आणि घरून एक झणझणीत मलम आणून घोडीच्या गुडघ्याला लांबूनच काठीला फडकं बांधून चोळलं. त्या मलमाच्या वासानं घोडीला काही झालं नाही. आप्पांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून मात्र पाणी गळायला लागलं, आणि काकांचा उरलेला दिवस आप्पांवर उपचार करण्यात गेला.

बुधवारी वंदनाचा फोन आला. तिचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपणी ती मेंढरांमागं आणि सामान वाहणाऱ्या तट्टांमागं रानोमाळ हिंडलेली. तिनंही तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. “तुम्ही स्वतः उचलून बघितला?” तिनं विचारलं. त्या ‘स्वतः’वर जरा जोर होता. मी ‘म्हणजे काय’ असं थोडं दुखावल्यासारखं म्हणालो. बायकोचा संशय दूर करण्याचा हा खात्रीचा उपाय आहे. मग तिनं फोन तिच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे दिला. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी आयुष्य जनावरांत काढलेलं. त्यांनी सांगितलं की खुरात काही नसंल तर खांदा उतरला असणार, विटा तापवून शेक द्या.

आम्ही विटा तापवल्या. फडक्यात गुंडाळून पहिली वीट काकांनी खांद्याला लावली मात्र, शेवंती तीन पायांवर जोर करून मागं सरली आणि तिचा मागचा भाग शेडच्या पत्र्यावर आदळला. पत्रा सुटून बाहेर पडला, वीट काकांच्या चपलेवर पडली, आणि आतापर्यंत मराठी बोलणारे काका एकदम तेलुगूत गेले. शेवंती घामाघूम होऊन थरथरत उभी होती. आप्पा तिच्याजवळ गेले आणि तिच्या मानेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

मी ठरवलं की आपण गुपचूप खूर बघायचा. बघितला की खोटं आपोआप खरं होईल. उचलण्याची हिंमत नव्हतीच, म्हणून एक युक्ती काढली. गुरुवारी सकाळी आप्पा अंघोळीला गेल्यावर मी मोबाईल व्हिडिओवर लावून, काठीनं हळूच ढकलत शेवंतीच्या वर धरलेल्या पायाखाली सरकवला. तिनं खाली वाकून त्याचा वास घेतला, दातांत धरला, आणि शेजारच्या पाण्याच्या टबात टाकला. मोबाईल वाचला. त्यातल्या व्हिडिओत घोडीच्या नाकपुड्या आहेत, पत्रा आहे, आणि शेवटी पाण्यातून वर बघताना दिसणारं माझं तोंड आहे. खूर नाही.

तरी मी हरलो नाही. मोबाईल सुकवून त्यावर खुराची रचना वाचली. तळव्याच्या मधोमध एक मऊ त्रिकोणी भाग असतो, हे मला कळलं. दुपारी डॉक्टर मॅडमना पुन्हा फोन केला तेव्हा मी आपणहून सांगितलं की तो मधला त्रिकोण एकदम व्यवस्थित आहे. त्या कौतुकानं म्हणाल्या, तुम्ही फारच बारकाईनं बघता हो. आणि मला बरं वाटलं. हेच सगळ्यात लाजिरवाणं आहे. त्या क्षणी मला खरोखर बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी अकलूजच्या एका घोड्यांच्या व्यापाऱ्याला मोबाईलवर घोडी दाखवली. त्यानं तिला दोन मिनिटं बघितलं. खुराचं विचारलं, मी सांगितलं. सूज कुठं आहे विचारलं, तीही नव्हती. मग तो म्हणाला की आता एकच राहिलं, आतलं हाड गेलंय. या वयात ते जुळत नाही. जनावर झिजून झिजून मरंल, त्यापेक्षा उद्या तीन वाजता टेम्पो पाठवतो, घेऊन जातो. कुठं नेणार, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आप्पांनी फोन ठेवला. शेवंती दुपारपासून आडवी पडली होती, कडब्याला तोंड लावलेलं नव्हतं. आप्पा तिच्याशेजारी धुळीतच बसले. धुळीत बसू नका असं डोळ्यांच्या डॉक्टरनं दहादा सांगितलेलं. मी तसं म्हणालो, तर त्यांनी नुसता हात हलवला.

“तिला तरास नको,” ते म्हणाले. “जाऊ दे तिला.”

मी आत जाऊन पंख्याखाली बसलो. चौघांची चार मतं घेतली होती आम्ही. डॉक्टर, कंपाउंडर, मेंढपाळ, व्यापारी. सगळी आपापल्या कामातली जाणती माणसं, आणि त्यांतल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न बरोबर विचारला होता. त्यांची मतं चुकली नव्हती, कारण ती त्यांची नव्हतीच. माझ्या एका थापेला चार फांद्या फुटल्या होत्या आणि चौथ्या फांदीला टेम्पो लागला होता. हे मला तेव्हा स्वच्छ कळत होतं. तरी उठून बाहेर जाऊन ‘आप्पा, मी बघितलेलंच नाही’ एवढे शब्द मला बोलता आले नाहीत. उद्या डॉक्टर येणारच आहेत, त्या बघतील, असं मी स्वतःला समजावलं. आमच्या कचेरीत याला ‘वरिष्ठांकडे सादर’ म्हणतात.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला डॉक्टर मॅडम स्कूटरवर आल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेल्या. त्या पिशवी उघडत होत्या तेवढ्यात वंदना आणि मामाही मंगळवेढ्याच्या एसटीनं येऊन पोचले. टेम्पोचं कळल्यावर दोघांना घरी बसवलं नव्हतं. नरसय्याकाका कुंपणाशी उभे होतेच, दुसऱ्या चपला घालून. कसंबसं करून शेवंतीला उठवलं होतं.

मॅडमनी विचारलं की खूर कुणी तपासला.

“आमच्या बाळूनं,” आप्पा म्हणाले. “लई बारीक बघितलाय त्यानं. मोबाईलवर वाचून बघितलाय.”

आप्पांनी चार लोकांत माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. दहावीला पास झालो तेव्हासुद्धा ते ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले होते. पहिलं कौतुक माझ्या वाट्याला यायचं ते असं यायचं होतं.

“मग तुम्हीच उचला ना,” मॅडम म्हणाल्या. “मी नवीन माणूस आहे. तिला तुमच्या हाताची सवय झालीये.”

मी पुढं गेलो. मागं जायला जागा नव्हती, कारण मागं सगळं घर उभं होतं. शेवंतीनं कान मागं घेतले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. एक वर्ष ती आमच्या घरी होती आणि मी तिला आत्ता पहिल्यांदा हात लावत होतो. अंग गरम होतं आणि कातडीखालून बारीक कंप जात होता. इतक्या जवळून मला तिचा डोळा दिसला. डोळ्याच्या वरच्या बाजूला खोल खळगा पडला होता आणि खाली पाण्याचा ओघळ सुकला होता. तिच्या दुखण्याविषयी मी पाच दिवस इतक्या लोकांशी इतकं बोललो होतो, आणि तिला दुखतंय हे मला आत्ता दिसत होतं.

“मॅडम,” मी म्हणालो, “मी खूर बघितलेला नाही.”

“आज नाही बघितला?”

“कधीच नाही.”

त्या गोंधळल्या. “पण तो मधला त्रिकोण...”

“तो मोबाईलवरचा होता.”

मामा आपल्या काठीची मूठ निरखत राहिले. आप्पांच्या काळ्या चष्म्यामागं काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्या चष्म्याचा आजन्म ऋणी आहे.

वंदनानं पदर खोचला. शेवंतीच्या मानेवर थोपटलं, खांद्यावरून हात खाली घसरवत पायाच्या मागं नेला, आणि बोटांनी हलकेच दाबलं. शेवंतीनं पाय तिच्या हातात दिला. अगदी मुकाट, जसा कुणी शेकहँडसाठी हात पुढं करावा तसा.

“पाच दिवस पाय वरच धरलाय हिनं,” वंदना माझ्याकडे न बघता म्हणाली. “नुसतं खाली वाकायचं होतं.”

मॅडमनी खुरावर हात ठेवला, मग दुसऱ्या खुरावर. आजारी खूर तव्यासारखा तापला होता, दुसरा गार. त्यांनी तळवा घासून काढला, चिमट्यासारख्या एका हत्यारानं कडेकडेनं दाबत गेल्या, आणि एका जागी शेवंतीनं अंगच झटकलं. तिथं एक काळा ठिपका होता. वाकड्या पात्याच्या चाकूनं त्यांनी तो जरासा कोरला आणि आतून काळपट पातळ पू चिळकांडीसारखा बाहेर आला. वास असा की काका कुंपणापलीकडून तोंड फिरवून उभे राहिले. त्या पुवाबरोबर एक खडा आला. ज्वारीच्या दाण्याएवढा.

शेवंतीनं एक लांब श्वास सोडला. घोडी उसासा टाकते हे मी आधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी खूर धुऊन सोडला, तशी तिनं पाय हळूच खाली ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला, या खेपेला जरा जास्त वेळ. आप्पांनी खिशातून मोबाईल काढून मामांच्या हातात दिला, कारण त्यांना अजून आकडे नीट दिसत नव्हते. मामांनी अकलूजला फोन लावून दिला. आप्पा एवढंच म्हणाले की टेम्पो नको, आणि फोन बंद केला.

आता खुराला रोज दोनदा औषधी मिठाच्या गरम पाण्यात शेक द्यायचा आणि घाण लागू नये म्हणून बांधून ठेवायचं होतं. बांधायला सगळ्यात चांगलं काय, तर लहान बाळाचं डायपर, वरून चिकटपट्टी, असं मॅडमनी सांगितलं. मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. पण ती खरीच रीत निघाली. मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा. त्यानं माझ्या पिकल्या केसांकडे बघून दबक्या आवाजात अभिनंदन केलं आणि बाळाचं वजन विचारलं.

“साडेतीनशे किलो,” मी म्हणालो.

त्यानं सगळ्यात मोठं पाकीट दिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

आप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. ऊन उतरल्यावर मी चहा घेऊन शेडमध्ये गेलो. शेवंती डायपर घालून कडबा खात होती. आप्पांनी कप घेतला.

“भ्यालास?” त्यांनी विचारलं.

“व्हय.” आप्पांशी मनातलं बोलायची वेळ आली की माझी शाळेची मराठी गळून पडते.

“मग भ्यालो म्हनायचं की. सोमवारीच म्हनायचं.”

मी मान खाली घातली. ते चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, “मलाबी तिच्या पायाचं भ्या वाटतं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आप्पांनी कपातल्या चहाकडे बघत सांगितलं की ते नऊ वर्षांचे असताना टांग्याच्या घोड्यानं त्यांना मांडीवर लाथ मारली होती. महिनाभर उठता आलं नव्हतं. तेव्हापासून घोडं म्हटलं की जीव ओढतो, पण पायाशी जायचं म्हटलं की हात थिजतात. वर्षभरात शेवंतीचा खूर त्यांनी एकदाही उचललेला नव्हता. खुरं कापणारा माणूस येईल तेव्हाच काय तो उचलला जायचा. डोळ्याचं ऑपरेशन तर निमित्त होतं. डॉक्टरनं वाकू नको म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखंच वाटलं होतं.

“म्हनून तर तुला धाडलं,” ते म्हणाले. “म्हटलं, त्यो तरी बघंल.”

“मग एवढी हौस कशाला केली घोडीची?” मी विचारलं.

“आवडतंय म्हनल्यावर भ्या वाटू नये, असं कुटं हाय?”

मी त्यांच्याकडे बघितलं. सत्तेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या धाडसाखाली मी वावरत होतो, तो माणूस माझ्याशेजारी पेंढीवर बसून गार झालेला चहा पीत होता. मला फसवल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट हलकं वाटलं. मीही जाऊन त्याच पेंढीवर बसलो. शेवंतीनं आमच्या दोघांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. तिचं मत बदललेलं दिसलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस पट्टी बांधायचं काम वंदनानं केलं आणि मी डायपर धरून उभा राहिलो. रोज ती मला पाय कसा मागायचा ते दाखवायची. मान थोपटायची, हात खांद्यावरून खाली न्यायचा, मागून दाबायचं, आणि घाई करायची नाही. मी मान डोलवायचो आणि उद्या करतो म्हणायचो.

एका रविवारी सकाळी वंदनानं पट्टी कायमची काढली, खूर धुतला आणि ती हात धुवायला नळावर गेली. आप्पा खाटेवर होते, त्यांचा काळा चष्मा एव्हाना गेला होता. मी मनाशी म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. शेवंतीजवळ गेलो. मान थोपटली. डोळे मिटून हात खाली नेला आणि दाबलं. आणि काय सांगू, तिनं पाय दिला. जड, गरम, जिवंत पाय माझ्या दोन्ही हातांत आला. मी डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः उचलून घोडीचा तळवा बघत होतो. मधला त्रिकोणसुद्धा होता, अगदी मोबाईलवर दाखवतात तिथंच. मी मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं की खूर स्वच्छ आहे, जखमेचा मागमूस नाही, आणि मी स्वतः बघतोय.

वंदना नळावरून आली, माझ्याकडे बघून थांबली.

“तो डावा आहे,” ती म्हणाली. “आजारी उजवा होता.”

माझे हात सुटणारच होते, तेवढ्यात आप्पा खाटेवरून उठले.

“सोडू नको, तसाच धर,” ते म्हणाले. “अगं, बघ की. डावा ह्याच्या हातात हाय आनि उजव्यावर सगळा भार टाकून उभी ऱ्हायलीया. बरी झाली ती.”

खरंच, ती शांतपणे दुखऱ्या पायावर उभी होती आणि कडबा चघळत होती. त्या दिवसापासून मी आमच्या पाहुण्यांत सगळ्यांना सांगतो की शेवंती बरी झाल्याचं निदान घरात सगळ्यात आधी मी केलं. फक्त ते मी केलंय, हे मला दुसऱ्यांनी सांगावं लागलं.